लॅकरमधलं पिवळं

त्या सकाळी घरातल्या तिघांच्या मनात एकच होतं: आईचा डोळा छान व्हावा, पण इतक्यात नको. निदान दुपारपर्यंत तरी नको.

असली इच्छा उघड बोलायची सोय नसते. म्हणून थोरला गिटारींवर लॅकर फवारायच्या खोलीत कॉम्प्रेसरशी खाटखूट करत बसला होता, त्याची बायको बाहेरच्या टेबलावर तारांची पाकिटं काढून पुन्हा होती तशीच लावत होती आणि बाबा रंध्याचं पातं परजत होते. पातं कालच परजून झालेलं होतं. आत्या आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. आज पट्टी निघणार होती.

लॅकरच्या खोलीत तारेला टांगलेली होती ती आत्याचीच गिटार. म्हणजे अजून नुसती बॉडी. नेक, म्हणजे दांडी, नाही, तारा नाहीत, मागे पांढरा कागद लावून लटकवलेलं रंगवलेलं लाकूड. आत्याचा जन्म या घरात लोकांच्या गिटारींना तारा चढवण्यात गेला. साठी उलटल्यावर एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं, "मला पण एक करून द्या. इलेक्ट्रिक." बाबांना ठसका लागला. थोरल्याने विचारलं, "आत्या, बँड काढतेस का?" त्यावर ती म्हणाली, "काढीन. तुला ढोलकं वाजवायला घेणार नाही, हात जड आहे तुझा." आई मात्र हसली नव्हती. "वन्सं, रंग मी देणार," एवढंच ती म्हणाली आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, सगळे झोप म्हणत असताना, खिडकीशी बसून तिने फडक्याने तो रंग लाकडात जिरवला.

आईचा रंग म्हणजे मधाचा. लाकडाच्या रेघा आतून उजळून दिसाव्यात असा. गिऱ्हाइकं तो लांबून ओळखायची. पण गेली दोन वर्षं आईचा मध मध राहिला नव्हता. मोतीबिंदूने तिच्या डोळ्यांवर पिवळट पडदा धरला होता. तिला सगळं जगच जरा पिवळं दिसे, म्हणून ती रंगात पिवळं कमी घाली, आणि तिला जो मध वाटे तो बाकीच्यांना जांभळट दिसे, जुना मार लागल्यासारखा.

पहिली गिटार परत आली ती सुनेच्या हातात. गिऱ्हाईक चांगलं होतं, आवाज न चढवता म्हणालं, "ताई, हा तुमचा नेहमीचा रंग नाही." सुनेने ती गिटार मागच्या दाराने आत घेतली. त्याच दिवशी तिने नवऱ्याच्या स्वच्छ लॅकरच्या भांड्यात पिवळ्या रंगाचे दोन-चार थेंब टाकले, काडीने ढवळले आणि म्हणाली, "वरून एक हात मारून बघ." थोरल्याने मारला. मध परत आला. त्या दिवसापासून या कारखान्यातून गेलेल्या प्रत्येक गिटारीच्या बिनरंगी लॅकरमध्ये सुनेचे थेंब होते आणि आईला त्याचा पत्ता नव्हता.

मग तिला सांगितलं का नाही? कारण या घराचा तसा नियम होता. ज्याचं काम त्याचं, दुसऱ्याच्या कामावर चकार शब्द काढायचा नाही. बाबांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. त्यांच्या सख्ख्या भावाने एकदा चारचौघांत म्हटलं होतं, "नेक वाकडी झालीय." नेक खरोखर वाकडी होती, आणि नेमकं त्यामुळेच भांडण मिटलं नाही. एक कारखाना होता त्याचे दोन झाले, दोन चुली झाल्या, आणि दोघे भाऊ एकमेकांच्या आजारपणालाही गेले नाहीत. तेव्हापासून या घरात माणसं एकमेकांच्या चुका बोलून दाखवत नसत. निस्तरत असत.

शिवाय आईनेच एक बोलून ठेवलं होतं. ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवशी ती म्हणाली, "डोळ्याने मला रंगात फसवलंय असं दिसलं ना, तर फडकं खाली ठेवीन. पुन्हा हातात धरणार नाही." हसत म्हणाली होती. पण आईचं कुठलं हसणं खरं आणि कुठलं ठाम, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"मार ना रे पहिला हात," सून दारातून म्हणाली. "त्या यायच्या आत वर मध चढला म्हणजे झालं."

"घाई करून चालत नाही," थोरला म्हणाला. "पहिला हात ओला बसला तर खालचा रंग उचलून येईल. मग जांभळं बरं म्हणायची वेळ येईल."

"मग वाट कसली बघतोस?"

"कॉम्प्रेसर भरतोय." त्याने फवाऱ्याची गन उचलून पाहिली. भांडं भरलेलं होतं. थेंब सकाळीच पडले होते. "मी तुला तेव्हाच म्हणालो होतो, सांगून टाकू. तू नको म्हणालीस."

"मी नाही. बाबा नको म्हणाले."

"बाबा काहीच म्हणाले नाहीत."

"तेच ते."

बाबांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि ऐकू न आल्यासारखं केलं. कामाच्या आवाजाने त्यांचे कान थोडे गेले होते. किती गेले होते, हे ते सोयीने ठरवत.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

"पहिला नंबर आमचाच लागला!" आत्याचा आवाज तिच्याआधी घरात शिरला. "डॉक्टर म्हणाले, डोळा असा झालाय की सुईत दोरा ओवून घ्या!"

"असं काही म्हणाले नाहीत," मागून आई म्हणाली. "वजन उचलू नका म्हणाले, धुळीत जाऊ नका म्हणाले."

ती उंबऱ्यातच थांबली. दवाखान्यातून दिलेला काळा चष्मा तिने कपाळावर सरकवला आणि दाराकडे बघत राहिली. "अगं बाई. हे दार निळं आहे?"

"गेल्या वर्षी रंगवलं तेव्हापासून निळंच आहे की," बाबा म्हणाले.

"मी इतके दिवस हिरवं समजत होते." तिने दारावरून हात फिरवला. मग भिंतीवरून, मग टेबलावरून, आणि बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. "आणि घरात इतकी धूळ? मला एकानेही सांगितलं नाही?"

सून तारांच्या पाकिटांवर वाकली. आई बाबांसमोर येऊन उभी राहिली. नवा डोळा बारीक करून तिने त्यांचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट वाचला.

"तुम्ही इतके म्हातारे कधी झालात हो?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा," बाबा म्हणाले. खरंच आनंद झाला होता त्यांना. भीती होती ती वेगळी, ती आनंदाच्या शेजारीच उभी होती.

"चला," आई म्हणाली. "वन्संच्या गिटारीला लॅकर लागताना मला बघायचंय. खोलीत येत नाही, काचेतून बघते. नव्या डोळ्याने पहिलं काहीतरी चांगलं बघू दे."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने बाबांकडे. बाबांनी पात्याकडे.

*

लॅकरच्या खोलीला काचेची एक खिडकी होती. आईने तिला नाक लावलं. शेजारी आत्या, तिच्यामागे बाबा आणि सर्वांत मागे सून.

आत थोरला तोंडाला फडकं बांधून उभा. त्याच्या मनात आलं, भांडं सांडावं. नळी तुंबली म्हणावं. आईने काचेवर बोटाने टकटक केली. "थांबलास का?"

सुका रंग राखेसारखा मंद दिसतो. लॅकर बसेपर्यंत कुणालाच त्याचा खरा चेहरा कळत नाही, आईलाही नाही. थेंब घातलेलंच लॅकर मारायचं, तिला मध दिसेल, ती खूश होईल, असा हिशेब करून त्याने गन उचलली.

काम सुरू झालं की मात्र त्याचा हात दुसरं काही जाणत नसे. गन लांब धरायची. बॉडीच्या कडेबाहेर सुरू करायचं आणि पलीकडच्या कडेबाहेर संपवायचं, मध्ये मनगट थांबू द्यायचं नाही. पहिला हात म्हणजे हात नव्हेच, आरशावर तोंडाची वाफ बसावी तितकाच. लाकूड ओलं दिसता कामा नये. एक फेरी, दुसरी, कडांवरून हलकेच तिसरी. मंद पडलेला रंग झोपेतून जागा व्हावा तसा वर येऊ लागला. रेघा उघडल्या. बॉडीच्या उतारावर मधाची पहिली झाक आली.

"आहाहा," आत्या म्हणाली, आणि अंमळ मोठ्यानेच म्हणाली.

आई गिटारीकडे बघतच नव्हती. ती मागच्या कागदाकडे बघत होती. बॉडीच्या बाहेर उडालेलं लॅकर त्या पांढऱ्या कागदावर बसलं होतं, आणि गिटारीच्या आकाराभोवती कागद पिवळा झाला होता. अगदी फिका. मागच्या आठवड्यातल्या तिच्या डोळ्याला तो दिसला नसता.

"तो कागद आण बाहेर," ती म्हणाली.

थोरल्याने आणला. तिने तो उजेडात धरला.

"हे पाण्यासारखं असायला हवं. हे पिवळं कसं?"

आई हुशार बाई होती आणि चाळीस वर्षं रंगात होती. तिने पुढे विचारलंच नाही. प्रत्येक बॉडीसोबत त्याच लाकडाचा एक तुकडा ती त्याच फडक्याने रंगवून ठेवत असे. खिडकीतला तो तुकडा तिने उचलला. "यावर स्वच्छ लॅकर मार. नव्या डब्यातलं. काही न घालता."

तो आत गेला, बाहेर आला. आईने तुकडा हातात घेतला आणि ऑपरेशन झालेला डोळा हाताने झाकला. जुन्या डोळ्याने पाहिलं. मग हात त्या डोळ्यावर नेला आणि नव्याने पाहिलं. पुन्हा जुना. पुन्हा नवा. जुन्यात मध होता. नव्यात मार लागल्यासारखं जांभळं लाकूड होतं. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं तिला झालं.

"कधीपासून?"

"माझंच काम आहे ते, आई," थोरला म्हणाला. "मलाच वाटलं की जरा..."

"त्याला मी सांगितलं होतं," बाबा म्हणाले.

बापलेक दोघेही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते जमत नव्हतं.

"पहिल्यांदा मी घातलं," सून मागून म्हणाली. "एक गिटार परत आली होती. तुम्हाला सांगितलं नाही. तेव्हापासून मीच घालते."

"मला माहीत होतं," आत्या म्हणाली.

सगळे वळले. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून तिच्यापासून ही गोष्ट फार काळजीने लपवली होती. जेवताना ती आली की विषय बदलत. एकदा तर थोरल्याने ती आत आली म्हणून पिवळ्याची बाटली खिशात टाकली होती आणि विजार वाया घालवली होती.

"तुला कुणी सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं, दादा? तारा चढवताना गिटार माझ्या मांडीवर असते. नेक बसते त्या खाचेत लॅकर पोचत नाही. तिथे जांभळं, बाहेर मध. डोळे वहिनीचे गेले होते, माझे नाही."

"आणि तुम्ही दोन वर्षं गप्प बसलात?" सुनेचा विश्वास बसेना. "तुम्ही?"

"मला कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या एखाद्या दिवशी यावर घर हसलं असतं. आई हसली नाही. तिने तुकडा टेबलावर पालथा ठेवला.

"लोक म्हणायचे, काकू, काय रंग आहे तुमचा. मी म्हणायचे, हात आहे हो, हात. तेव्हा तुम्ही चौघं माझ्या मागे उभे असायचात." तिने एकेकाकडे पाहिलं. "चौघांपैकी एकाला तरी माझी लाज वाटायला हवी होती. मला सांगण्याइतकी."

मग ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि पायरीवर बसली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

*

"जा ना," सून बाबांना म्हणाली.

"मी काय बोलणार?"

"तेच तर. तुम्ही काही बोलत नाही म्हणूनच इथवर आलंय सगळं." असं ती सासऱ्याशी कधी बोलली नव्हती. बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग पातं ठेवून बाहेर गेले.

सून टेबलाशी बसली. कुणी पाहत नाही असं वाटून तिने डोळ्यांना पदराऐवजी हाताशी आलेलं पॉलिशचं फडकं लावलं.

"रडायचं तर तिकडे जाऊन रड," आत्या म्हणाली. "ओल्या लॅकरवर टिपं पडली तर माझी गिटार जाईल."

"तुमची गिटार आधीच गेली, आत्या."

"मला जांभळीही चालेल. अगं, जांभळी तर जांभळी, वाजली म्हणजे झालं." आत्याने खुर्ची जवळ ओढली. या दोघींचं एरवी पाण्यावरूनही जुंपत असे. "तुझ्या सासूला मी ती लग्न होऊन आल्यापासून ओळखते. तिला चुकल्याचं वाईट वाटत नाही. तिने किती बॉडी बिघडवल्यात, मोजदाद नाही. बिघडवायची आणि स्वतःच सांगायची, वन्सं, आज घाण केली बघा मी."

"मग?"

"मग काय. दोन वर्षं तिला सांगायला मिळालं नाही."

सुनेला या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात तिने उत्साहाने रंगाच्या वाटीला हात लावला होता आणि आई म्हणाली होती, "ते माझं. तू गिऱ्हाइकं बघ." रागाने नाही, नियमाने. त्यानंतर ती गिऱ्हाइकं बघत बघत कोपऱ्यातून रंग बघत आली होती. फडकं कधी ओलं घ्यायचं, कधी पिळायचं, आई खिडकीशी किती वेळ थांबते. इतकं बघितलं होतं की आईचा डोळा चुकायला लागला तेव्हा तिच्या डोळ्याला ते आपोआप कळलं. चोरून शिकलेली गोष्ट चोरूनच वापरावी लागते, एवढंच तिला वाटलं होतं.

*

पायरीवर बाबा आईशेजारी टेकले. मग म्हणाले, "भीती वाटली."

आईने मान वळवली. तिच्या हिशेबाने हा माणूस असं काही सांगायला दर दहा वर्षांनी एकदा तोंड उघडत असे.

"कसली?"

"तू फडकं ठेवलंस तर सकाळी कशासाठी उठशील, याची. तू उशिरा उठायला लागलीस तर मी कशासाठी उठू, याचीही."

"म्हणून मला फसवलंत."

"हो."

"मी ठेवणारच आहे आता फडकं."

"ठेव," बाबा म्हणाले. "मग मीही रंधा ठेवतो. मी रंधलेलं थोरला मागाहून पुन्हा रंधतो. दुपारी माझा डोळा लागला की. त्याला वाटतं मला कळत नाही."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "आणि तुम्ही काही बोलत नाही?"

"काय बोलू? चांगलं रंधतो." ते थोडं हसले. "आताशा मी मुद्दाम थोडं ठेवतो त्याच्यासाठी. त्याला बरं वाटतं."

"कसलं घर आहे हे," आई म्हणाली. तिला हसू आलं आणि त्याच्यासोबत रडूही आलं, आणि दवाखान्यात डोळ्याला पाणी लावू नका सांगितलं होतं म्हणून तिने चेहरा वर करून ते आत ठेवायचा प्रयत्न केला. बाबांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीने फक्त जुना डोळा पुसला. नव्याला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

"चुकले त्याचा राग नाही हो मला," ती म्हणाली. "तुम्ही सगळे एका खोलीत होतात आणि मी दुसऱ्या. दार लावलेलं आहे हेही मला माहीत नव्हतं. राग त्याचा आहे."

"हं."

"थेंब किती, हे कोण ठरवायचं?"

"सूनबाई."

"मोजून?"

"बघून."

आई विचारात पडली. रंगावरून पारदर्शक पिवळं चढवून मध जुळवायचा, ही सोपी गोष्ट नव्हती. लाकडात जिरलेला रंग एक सांगतो, वरचं लॅकर दुसरं सांगतं, आणि दोन्ही ऐकून तिसरं ठरवावं लागतं. तिला स्वतःला ते कधी करावं लागलं नव्हतं.

"मी तिला रंगाला हात लावू दिला नाही कधी."

"म्हणून तिने लॅकरला लावला," बाबा म्हणाले.

*

आई आत आली तेव्हा तिघंही उभी राहिली, शाळेच्या मोठ्या बाई वर्गात याव्यात तशी. आत्याने घाईने सांगून टाकलं, "वहिनी, मला जांभळी चालेल. खरंच. वेगळी दिसेल जरा."

"तुम्हाला चालेल, वन्सं. मला नाही चालायची." आईने टेबलाशी खुर्ची ओढली. "पहिला हात सुकलाय का?"

"सुकलाय," थोरला म्हणाला.

"पातळ बसलाय ना सगळीकडे? कडांना?"

"हो."

"मग पुढच्या हातांना पिवळं मी घालते. स्वच्छ लॅकर आण, बाटली आण."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. फडकं ठेवते म्हणाली नव्हती. थोरल्याने भांडं आणलं, सुनेने पिवळ्याची बाटली आणि ड्रॉपर पुढे ठेवला आणि ती मागे सरकली, आपल्या नेहमीच्या जागी, कोपऱ्यात.

आईने खिडकी उघडली. जांभळा तुकडा शेजारी ठेवला, जुना डोळा मिटला आणि थेंब टाकला. ढवळून काडीने तुकड्यावर ओघळ सोडला, उजेडात धरला. मान हलवली. आणखी एक टाकला. आणखी एक. तुकड्यावर मध येऊ लागला, छान आला, आणि आई म्हणाली, "अजून कमी आहे." पुन्हा थेंब पडला.

आता मध राहिला नव्हता. लाकूड उग्र पिवळं दिसू लागलं होतं. बाबांना ते दिसलं. थोरल्याला दिसलं. दोन वर्षं पिवळ्या पडद्यामागून बघितल्यावर पडदा एकदम सरला होता, आणि त्या नव्या डोळ्याला सारं जग निळसर भासत होतं. त्यामुळे कितीही पिवळं घातलं तरी आईला ते पुरं वाटणार नव्हतं.

बाबा वर छताकडे बघू लागले. आत्याने तारांचं पाकीट उचललं. थोरला गनची तोटी पुसत होता. त्याच्या मनात काय चाललंय ते सुनेला स्पष्ट दिसलं: आई जरा आडवी झाली की यात स्वच्छ लॅकर ओतू, पातळ करू, काम भागेल. तिला ते दिसलं, कारण तिच्याही मनात तेच आलं होतं. किती ओतायचं हेसुद्धा ठरून गेलं होतं.

आईने पुन्हा ड्रॉपर भरला.

"आई, जास्त होतंय."

खोलीतली खाटखूट थांबली. आपला आवाज इतका मोठा आला कसा, असं सुनेला वाटलं.

आईने वळून पाहिलं नाही. "मला तर कमी वाटतंय."

"तुमच्या नव्या डोळ्याला सगळं निळं दिसत असणार अजून. म्हणून कमी वाटतंय. जास्त आहे. तीन थेंबांपूर्वी बरोबर होतं."

"तीन थेंबांपूर्वी? मग तेव्हा का नाही बोललीस?"

बाबांनी घसा खाकरला. नियम त्यांच्या वडिलांचा होता आणि तो आत्ता त्यांच्या डोळ्यांदेखत मोडला होता. काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटलं असावं. "बरोबर बोलतेय ती," ते म्हणाले. "फार पिवळं झालंय."

"तुम्हालाही दिसत होतं?"

"सगळ्यांना दिसत होतं, आई," थोरला म्हणाला.

आईने एकेकाकडे पाहिलं, पण मघासारखं नाही. मग भांडं उचललं आणि सुनेपुढे सरकवलं.

"ओत हे. नवीन घे." आणि सून भांडं उचलून कोपऱ्याकडे निघाली तशी म्हणाली, "तिकडे नाही. इथे बस, माझ्या शेजारी. मी घालते, तू बघ. आणि ह्या वेळी मध्येच बोल. शेवटी नको."

थोरल्याने नवं लॅकर ओतलं. पाण्यासारखं स्वच्छ. दोघी खुर्च्या लावून बसल्या, गुडघ्याला गुडघा लागत होता. आईने थेंब टाकला. सुनेने तुकडा उजेडात धरला. दुसरा थेंब. तिसरा. आई ड्रॉपर धरून थोडी थांबली, सुनेच्या चेहऱ्याकडे न बघता तिने कान दिला, आणि काही ऐकू आलं नाही म्हणून चौथा टाकला. काडी फिरली. ओघळ लाकडावरून हळूहळू खाली उतरला आणि रेघा उजळत गेल्या. आईला तो रंग अजूनही निळसरच दिसत होता. तिने पाचवा थेंब भांड्यावर धरला.

"थांबा," सून म्हणाली.

आई थांबली.